श्वार्ट्झ : तंजावरच्या राजांनी ज्यांच्या शब्दावर भिस्त ठेवली

तंजावरचे मराठे राजे तुळजाजी यांनी जानेवारी १७८७ मध्ये मृत्युशय्येवर असताना एका जर्मन पाद्र्याला राजवाड्यात बोलावून घेतले. राजांना औरस वारस उरला नव्हता. भोसले घराण्यातीलच नऊ वर्षांच्या एका मुलाला त्यांनी नुकतेच दत्तक घेतले होते. हा मुलगा, आणि त्याच्याबरोबर राज्याची सूत्रेही, पाद्र्याच्या हाती सोपवावीत अशी त्यांची इच्छा होती. पाद्र्याने नम्रपणे नकार दिला. तो मुलगा म्हणजे पुढे विद्याप्रेमी म्हणून कीर्ती मिळवणारे सरफोजी राजे (दुसरे) आणि ते पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ.

अठ्ठेचाळीस वर्षे भारतात राहून येथील मातीतच विसावलेल्या श्वार्ट्झ यांच्यापाशी फौज नव्हती, जहागीर नव्हती, दरबारी पदवीही नव्हती. आपण देवाचे साधे सेवक असून आपल्या प्रत्येक शब्दाचा जाब त्यालाच द्यायचा आहे, एवढीच त्यांची धारणा होती. तरीही तंजावरचे राजे, म्हैसूरचे हैदर अली, इंग्रजांची कंपनी आणि कावेरीकाठचे गांजलेले शेतकरी या परस्परांवर विश्वास नसलेल्या सर्वांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

हाले ते तरंगमबाडी

श्वार्ट्झ यांचा जन्म ऑक्टोबर १७२६ मध्ये प्रशियाच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतातील झोनेनबुर्ग या लहानशा गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आई त्यांच्या बालपणीच वारली. जाण्यापूर्वी तिने हा मुलगा देवाच्या सेवेला वाहिला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

वयाच्या विसाव्या वर्षी ते हाले येथील विद्यापीठात दाखल झाले. हाले हे त्या काळी प्रोटेस्टंट पंथातील भक्तिप्रधान चळवळीचे केंद्र होते. धर्म हा वादविवादाचा विषय नसून आचरणाचा आहे, श्रद्धेची परीक्षा अनाथांच्या आणि गरिबांच्या सेवेत होते, अशी तेथील शिकवण होती. येथेच श्वार्ट्झ यांना मद्रासहून परतलेले धर्मोपदेशक बेंजामिन शुल्झ भेटले. तमिळ बायबलच्या छपाईला साहाय्य व्हावे म्हणून श्वार्ट्झ त्यांच्याकडून तमिळ शिकू लागले. त्या भाषेनेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली.

१७४९ साली कोपनहेगन येथे त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. जुलै १७५० मध्ये ते कडलूरच्या किनाऱ्यावर उतरले आणि तेथून डॅनिश लोकांच्या ताब्यातील तरंगमबाडी या बंदरात पोहोचले. डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने १७०६ पासून येथे प्रोटेस्टंट मिशनचे काम सुरू होते. किनाऱ्यावर पाऊल ठेवल्यापासून चार महिन्यांच्या आत श्वार्ट्झ यांनी तमिळमध्ये पहिले प्रवचन दिले. पुढील बारा वर्षे ते आसपासच्या खेड्यांतून पायी हिंडले. लोकांशी बोलताना त्यांनी तमिळ वाङ्मयाचा आणि हिंदू पुराणकथांचाही अभ्यास केला.

साधेपणाची शिस्त

१७६२ च्या सुमारास श्वार्ट्झ तिरुचिरापल्लीला गेले. तेथे इंग्रजांची छावणी होती. छावणीतील दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन अनेक सैनिक मरण पावले आणि त्यांची मुले उघड्यावर आली. त्या मुलांसाठी श्वार्ट्झ यांनी शाळा काढली. १७६६ मध्ये तेथे चर्च उभे राहिले. पुढल्या वर्षी ते लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेच्या सेवेत रुजू झाले आणि छावणीचे धर्मोपदेशक म्हणूनही काम पाहू लागले.

त्यांची राहणी पाहणाऱ्यांना चकित करणारी होती. एका जुन्या इमारतीतील, बिछाना आणि माणूस एवढेच मावेल अशी खोली त्यांना पुरत असे. भात आणि भाजी हे जेवण, आणि काळ्या रंगात बुडवून काढलेले जाडेभरडे सुती वस्त्र हा पोशाख. ते अविवाहित राहिले. कंपनीकडून मिळणाऱ्या वेतनाचा मोठा भाग शाळा, चर्च आणि अनाथ मुले यांच्यावर खर्च होई. त्या काळी कंपनीचे अधिकारी काही वर्षांत अमाप संपत्ती जमवून मायदेशी परतत असत. त्यांच्याच सावलीत राहणारा हा युरोपियन माणूस नजराणेही स्वीकारत नाही, ही गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांच्या शब्दाला पुढे जे मोल आले, त्याचा पाया या साधेपणात होता.

तंजावरच्या दरबारात

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठी राज्याची स्थापना केली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम, नाचियारकोविल, मायावरम हा सारा मुलूख या राज्यात मोडत असे. भाताची शेते, कालव्यांचे जाळे आणि पावलोपावली प्राचीन देवळे असा हा सुपीक आणि धर्मनिष्ठ प्रदेश होता. दरबाराची भाषा मराठी, दप्तर मोडी लिपीत आणि रयतेची भाषा तमिळ, अशी तेथील स्थिती होती.

१७६९ मध्ये तुळजाजी राजांनी श्वार्ट्झ यांना भेटीस बोलावले. संभाषण प्रथम दुभाष्यामार्फत फारसीतून सुरू झाले. पाहुणा उत्तम तमिळ बोलतो हे लक्षात आल्यावर दुभाष्याची गरज उरली नाही. पुढे दरबारातील मंडळींशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे म्हणून श्वार्ट्झ मराठीही शिकले. तुळजाजींना या माणसाविषयी जिव्हाळा वाटू लागला, तरी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. श्वार्ट्झ मात्र प्रजेवरील अन्याय आणि राजाची कर्तव्ये यांविषयी त्यांच्यासमोर स्पष्टपणे बोलत राहिले.

१७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या मदतीने अर्काटच्या नवाबाने तंजावर जिंकले आणि तुळजाजी कैदेत पडले. १७७६ मध्ये गादी परत मिळाली, पण राज्य आणि राजा दोघेही खचले होते. १७७८ मध्ये श्वार्ट्झ तंजावरला कायमचे राहावयास आले. पुढल्या वर्षी किल्ल्यात शिवगंगा तलावाजवळ चर्चचे काम सुरू झाले.

याच काळातील एक घटना मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. तंजावरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेला एका इंग्रज अधिकाऱ्याने सती जाण्यापासून वाचवले, असे परंपरेने सांगितले जाते. ती त्या अधिकाऱ्याबरोबर राहत असताना तिने बाप्तिस्मा मागितला. विवाहाविना चाललेल्या या सहवासामुळे श्वार्ट्झ यांनी तो देण्यास नकार दिला. अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, १७७८ मध्ये, पालयमकोट्टै येथे त्यांनी तिला दीक्षा दिली. क्लोरिंडा हे नाव घेतलेल्या या स्त्रीने तेथे ख्रिस्ती मंडळी जमवली आणि चर्च बांधवले. १७८५ मध्ये त्या चर्चचे समर्पण श्वार्ट्झ यांच्याच हस्ते झाले. तिरुनेलवेली भागातील प्रोटेस्टंट मंडळींच्या इतिहासात तिचे नाव अग्रभागी आहे.

हैदर अलींच्या भेटीला

१७७९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर थॉमस रम्बोल्ड यांनी श्वार्ट्झ यांच्यावर एक अवघड कामगिरी सोपवली. हैदर अलींचे मनोगत जाणून घेऊन, कंपनीला शांतता हवी आहे असे त्यांना पटवून द्यावयाचे होते. कंपनीच्या अन्य वकिलांवर हैदर अलींचा विश्वास उरला नव्हता. हा पाद्री फसवणार नाही, म्हणून त्यालाच पाठवावे, असा त्यांचा आग्रह होता असे सांगितले जाते.

श्वार्ट्झ यांनी बराच विचार केला. राजकारण हे धर्मोपदेशकाचे क्षेत्र नव्हे, ही शंका त्यांना होती. पण रक्तपात टळत असेल तर त्या कामाला देवाची अनुज्ञा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रवासखर्चाखेरीज काहीही घ्यायचे नाही, असा नियमही त्यांनी स्वतःला घालून घेतला. जुलैमध्ये तिरुचिरापल्लीहून निघून ते घाटमार्गे श्रीरंगपट्टणला पोहोचले.

हैदर अलींनी त्यांना आपल्याजवळ गालिच्यावर बसवून घेतले. अक्षरओळख नसलेला हा सत्ताधीश एकाच वेळी अनेक कारकुनांना हुकूम सांगतो आणि काहीही विसरत नाही, हे श्वार्ट्झ यांनी बारकाईने टिपून ठेवले. तेथील मुक्कामात त्यांनी हैदर यांच्या सैन्यातील युरोपियन शिपायांसाठी उपासना घेतल्या. हैदर यांनी त्यास हरकत घेतली नाही. निरोपाच्या वेळी त्यांना वाटखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली मिळाली. परतल्यावर श्वार्ट्झ यांनी ती कंपनीच्या स्वाधीन केली. कंपनीने ती त्यांनीच ठेवावी असा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी तंजावरमधील अनाथ मुलांच्या इंग्रजी शाळेचा निधी त्या रकमेतून सुरू केला.

शिष्टाई मात्र निष्फळ ठरली. कंपनीने करार मोडल्याच्या तक्रारी हैदर अलींनी आपल्या उत्तरात मांडल्या होत्या आणि त्यांत तथ्यही होते. १७८० मध्ये युद्ध पेटले. निरोप्या प्रामाणिक असला तरी पाठवणाऱ्याची नियत त्याच्या हाती नसते, हा धडा श्वार्ट्झ यांना मिळाला. हैदर अलींनी मात्र या सर्वांचा राग त्यांच्यावर काढला नाही. या पाद्र्याला कोठेही अडवू नये, असे आदेश त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना दिले. दोन्ही बाजूंच्या फौजा मुलूख उजाड करीत असताना श्वार्ट्झ निःशस्त्र फिरत राहिले.

दुष्काळ आणि एक जामीन

युद्धाने तंजावरचा सुपीक मुलूख होरपळला. कालवे फोडले गेले, पिके जळाली, गुरे हाकून नेली गेली. किल्ल्यात गर्दी केलेले लोक आणि शिपाई उपाशी मरू लागले. भाव स्वस्त असताना श्वार्ट्झ यांनी भात विकत घेऊन साठवून ठेवला होता. त्यातून त्यांनी अनेकांना जगवले, पण साऱ्या किल्ल्याला तो पुरणार नव्हता.

खेड्यांत धान्य शिल्लक होते. ते किल्ल्यात आणण्यासाठी बैल हवे होते आणि शेतकरी बैल देण्यास तयार नव्हते. पूर्वी त्यांचे बैल नेले गेले, धान्य नेले गेले आणि मोबदला मिळाला नव्हता. राजाच्या आणि कंपनीच्या वचनाला बाजारात किंमत उरली नव्हती. अखेर तुळजाजींनी श्वार्ट्झ यांना मध्यस्थी करण्यास सांगितले. श्वार्ट्झ यांनी गावोगाव निरोप धाडले. मोबदला आपण स्वहस्ते देऊ, दुसऱ्या कोणी तो चुकवला तरी आपण चुकवणार नाही, एवढेच त्यांनी कळवले. दोन-तीन दिवसांत हजार बैल जमले आणि ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तमिळ प्रदेशातील धान्याचे माप होय. श्वार्ट्झ यांनी दिलेला शब्द पाळला आणि प्रत्येकाचे दाम चुकते केले.

युद्धानंतर संकटाने निराळे रूप घेतले. तुळजाजींच्या दिवाणाने सुरू केलेल्या जुलमी वसुलीला कंटाळून शेतकरी हजारोंच्या संख्येने राज्य सोडून गेले. पेरणीचा हंगाम उलटत चालला होता. राजाच्या आश्वासनावर कोणी परत येईना. श्वार्ट्झ यांनी हमी दिल्यावर एकाच दिवशी सात हजार लोक परतले आणि मागोमाग इतरही आले. पेरणीला उशीर झाला होता, तरी त्यांनी रात्रीचा दिवस करून शेते उभी केली.

हे शेतकरी ख्रिस्ती नव्हते. कुंभकोणमच्या कुंडांत स्नान करणारी, नाचियारकोविलच्या विष्णूला नवस बोलणारी ही माणसे होती. पाद्र्याचा देव त्यांनी स्वीकारला नाही, पण त्या देवाला भिणारा माणूस खोटे बोलणार नाही, हे मात्र त्यांनी ओळखले होते.

नाकारलेली सत्ता

तुळजाजींनी पुढे केलेले पालकत्व श्वार्ट्झ यांनी का नाकारले, याचा उलगडा या पार्श्वभूमीवर होतो. राजपुत्राचे एकट्याने पालकत्व पत्करणे म्हणजे राज्यकारभार हाती घेणे होते. त्यातून दरबारात कलह माजेल, मुलाचा जीव धोक्यात येईल आणि आपण ज्या कामासाठी आलो ते बाजूला पडेल, हे त्यांना दिसत होते. राजांनी आपले बंधू अमरसिंह यांना मुलाचे पालक नेमावे, असा सल्ला त्यांनी दिला.

हा सल्ला सद्‍हेतूने दिलेला असला तरी त्याचे परिणाम कटू झाले. तुळजाजींच्या निधनानंतर दत्तकविधान अशास्त्रीय असल्याचा निर्वाळा पंडितांकडून घेऊन कंपनीने अमरसिंहांनाच गादीवर बसवले. बाल सरफोजींचे शिक्षण थांबले. त्यांना सूर्यप्रकाशही न पोहोचणाऱ्या जागेत कोंडून ठेवण्यात आले होते. आपल्या शब्दाचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे, असे मानणाऱ्या श्वार्ट्झ यांना हे पाहवले नाही. कंपनीकडे त्यांनी वारंवार दाद मागितली, मुलाला संरक्षण आणि शिक्षक मिळवून दिले. १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासला सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांनी सरफोजींच्या शिक्षणाकडे लक्ष पुरवले. दत्तकविधानाचा प्रश्न पुन्हा तपासला जावा म्हणून श्वार्ट्झ अखेरपर्यंत झटत राहिले. पूर्वीच्या निर्वाड्याचा फेरविचार होऊन सरफोजींचा हक्क मान्य झाला.

त्याच वर्षांत त्यांनी तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा येथील इंग्रजी शाळांच्या उभारणीत पुढाकार घेतला. तिरुनेलवेलीकडून त्यांनी वेदनायगम नावाचा बारा वर्षांचा मुलगा तंजावरला शिकावयास आणला. तो पुढे वेदनायगम शास्त्री या नावाने तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून मान्यता पावला आणि सरफोजींच्या दरबाराशीही त्याचा संबंध राहिला.

अखेर आणि वारसा

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, श्वार्ट्झ यांनी तंजावर येथे देह ठेवला. सरफोजींना अखेरचे दर्शन घेता यावे म्हणून अंत्यविधी थोडा थांबवण्यात आला. शवपेटीजवळ उभ्या असलेल्या राजपुत्राला अश्रू आवरले नाहीत. श्वार्ट्झ यांनी मागे ठेवलेली सर्व शिल्लक मिशनच्या कामासाठी होती. त्याच वर्षी जूनअखेर सरफोजींचा राज्याभिषेक झाला. तो पाहण्यास श्वार्ट्झ उरले नव्हते.

त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. चर्चमध्ये शिरलेला जातिभेद त्यांनी आणि त्यांच्या समकालीनांनी समूळ उपटला नाही. तो वाद पुढील शतकात उफाळून आला. ज्या कंपनीवर त्यांनी सरफोजींच्या न्यायासाठी भिस्त ठेवली, तिने १७९९ च्या तहाने राज्याचा कारभारच ताब्यात घेतला. सरफोजींच्या वाट्याला वार्षिक एक लाख पॅगोडा, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि किल्ल्यापुरती सत्ता उरली. राजाचा हक्क राखण्यासाठी झटलेल्या पाद्र्याला हा शेवट अभिप्रेत नव्हता.

उरलेल्या मर्यादित अवकाशात सरफोजींनी जे उभारले, त्यात त्यांच्या शिक्षकांची छाप दिसते. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले, १८०५ मध्ये देवनागरी टंकांचा छापखाना काढला आणि इसापच्या कथांचे मराठी भाषांतर छापवून घेतले. भूगोलासारखा नवा विषय त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यरचनेत आणला. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेणारे सरफोजी अखेरपर्यंत निष्ठावंत हिंदू राहिले. श्वार्ट्झ यांच्या समाधीसाठी इंग्रजीत ओळी रचणारेही तेच होते.

१८०१ मध्ये सरफोजींनी लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला पत्र लिहून आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक घडवून देण्याची विनंती केली. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी ते घडवले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी असे ते दृश्य आहे. कंपनीनेही मद्रासच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांचे स्मारक उभारले. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले, तेव्हा श्वार्ट्झ यांच्या मृत्यूला अठ्ठावीस वर्षे लोटली होती. तरीही सरफोजी राजे त्यांच्याविषयी तितक्याच आदराने बोलत होते.

तंजावरचे राज्य १८५५ मध्ये कंपनीने खालसा केले आणि कंपनीचे राज्यही त्यानंतर तीन वर्षांत संपले. शिवगंगा तलावाकाठचे चर्च आणि त्यातील फ्लॅक्समनचे शिल्प या दोन्ही सत्तांच्या मागे उरले.